निंबडोहला उतरलेला डबा

फुगा सोडायचा तर जमिनीलगतचा वारा पडलेला असावा लागतो. जानेवारीतल्या त्या शनिवारी तो पहाटेपासून पडलेला होता. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, माळावरच्या एका तळावर तृप्ती आणि तिचे सहकारी कानटोप्या घालून उभे होते. सूर्य हातभर वर आल्यावर पांढरा फुगा सुटला. त्याच्याखाली नारिंगी पॅराशूट, आणि पॅराशूटखाली चमकत्या कागदात गुंडाळलेला थर्माकोलचा डबा. टीव्हीच्या खोक्याएवढा. तृप्तीने गेली कैक वर्षं जे काही केलं होतं ते सगळं त्या डब्यात होतं.

तृप्ती जालना जिल्ह्यातल्या परतूरची. रामरावांची धाकटी मुलगी. पुण्याला भौतिकशास्त्र शिकली, मग दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत लागली आणि तिथेच राहिली. तिचा विषय घरच्यांना कधी नीट कळला नाही. हवामानखात्यात आहे, असं ते लोकांना सांगायचे. ती आधी दुरुस्त करायची, नंतर सोडून दिलं.

विषय होता विषुववृत्ताच्या पट्ट्यातल्या फार वरच्या वाऱ्यांचा. विमानं उडतात त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर एक वारा वाहतो. साधारण वर्षभर तो पश्चिमेकडून येतो, मग उलटा फिरतो आणि पुढचं वर्षभर पूर्वेकडून येतो. उन्हाळा-हिवाळ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याला फिरवतात त्या लाटा. खाली मोठमोठे ढग उसळतात, डोंगरांवर हवा आदळते, आणि त्या धक्क्याने हवेत लाटा उठून वर चढत जातात. वर कुठेतरी त्या फुटतात आणि फुटताना आपला जोर वाऱ्याला देऊन टाकतात. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण २०१६ साली, आणि पुन्हा तीन-चार वर्षांनी, ही फिरण्याची रीत अचानक मोडली आणि कोणाला ते आधी सांगता आलं नाही. तेव्हापासून लाट नेमकी कुठे आणि कशी फुटते हे जवळून पाहायचं, हे तृप्तीने मनावर घेतलं होतं. डब्यात केसाहून बारीक तारेचा तापमापक होता. सेकंदाला शेकडो वेळा तो हवेचं तापमान नोंदवणार होता. एवढी माहिती रेडिओवरून खाली पाठवणं शक्य नव्हतं. ती डब्यातल्या कार्डावर साठणार होती, म्हणून डबा परत हाती येणं भाग होतं.

आदल्या संध्याकाळी संगणकाने फुग्याचा मार्ग काढला. आधी थोडा पूर्वेला, मग वरच्या वाऱ्यात शिरल्यावर सरळ पश्चिमेला, आणि शेवट जालना जिल्ह्यात. तृप्तीला हसू आलं. तिने थोरल्या भावाला, अंगददादाला फोन लावला. अंगदचं परतूरला खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि तालुकाभरच्या शेतकऱ्यांचा एक मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तो चालवायचा. तिने त्याला सगळं सांगितलं. पांढरा डबा, नारिंगी पॅराशूट, वर कागद चिकटवलेला असेल. कोणाला दिसला तर उघडू नये, कागदावरच्या नंबरवर कळवावं, एवढं ग्रुपवर टाक म्हणाली. अंगद म्हणाला, टाकतो की.

कागदावरचा नंबर आधीच्या उड्डाणांना तृप्तीचा स्वतःचा असायचा. मागच्या वेळी डबा सापडून परत आल्यावरही लोक महिनोन्महिने फोन करत राहिले. कोणी नोकरी मागायचं, कोणी नुसतंच बोलत बसायचं. तिला त्याचा वीट आला. या वेळी तिने आपला नंबर काढून तळाच्या नियंत्रण कक्षाचा नंबर छापला.

उड्डाण चांगलं झालं. दुपारी ठरल्याप्रमाणे फुग्याची दोरी कापली गेली, डबा पॅराशूटवर उतरायला लागला आणि रेडिओच्या कक्षेबाहेर गेला. शेवटची कळलेली जागा परतूर आणि जांब समर्थ यांच्या मधली होती. आणायला जायची गाडी दुसरीकडे अडकली होती. रविवारी निघू असं ठरलं, मग सोमवारी. माणसं कितीतरी रात्री जागलेली होती. नियंत्रण कक्षाला कुलूप लावून सगळे गावात जेवायला गेले आणि रविवारीही तो कोणी उघडला नाही.

डबा निंबडोह गावाच्या शिवारात, चांदपाशाच्या ज्वारीच्या बांधाला उतरला होता.

चांदपाशा पन्नाशीचा. शेत थोडं, पण त्याचा खरा धंदा मोटारींचा. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या गावांतली माणसं ती मोटरसायकलला बांधून त्याच्याकडे आणायची, आणि तो तांब्याची तार नव्याने भरून द्यायचा. गावात स्टँडजवळ त्याचं पत्र्याचं दुकान होतं, मागे घर. घरात बायको अकबरबी आणि मुलगी महजबीन. महजबीन परतूरच्या कॉलेजात बी.ए.ला होती.

त्या दिवशी तो पाणी द्यायला शेतात गेला होता. पॅराशूट पाहून आजूबाजूची माणसं त्याच्या आधीच पोचली होती. कोणी पॅराशूटचं कापड ओढत होतं, चांगलं टिकाऊ दिसत होतं ते. कोणी डब्याच्या तारा उपसायला लागलं होतं. चांदपाशाला मराठी वाचता येत होतं, सावकाश. त्याने कागद वाचला. हे हवामान संशोधनाचे यंत्र आहे, घाबरू नका, उघडू नका, खालील क्रमांकावर कळवा. त्याने लोकांना हटकलं. दोघांशी शब्दाला शब्द झाला, पण डबा त्याने सोडवून घेतला. बांधावर ठेवला असता तर सकाळपर्यंत त्याचा भुगा झाला असता, म्हणून त्याने तो मोटरसायकलवर घालून दुकानात आणला. एका बाजूचं थर्माकोल फाटलं होतं तिथे चिकटपट्टी लावली. अँटेना मोडू नयेत म्हणून भोवती अकबरबीची गोधडी गुंडाळली. मग महजबीनने त्याच्या फोनवरून नंबर लावला. घंटी वाजत राहिली. तिने संध्याकाळी लावला, रविवारी सकाळी लावला, दुपारी लावला. कोणी उचलला नाही.

रविवारी सकाळीच कोणीतरी दुकानाच्या खिडकीतून व्हिडिओ काढला होता. टेबलावर गोधडीतून दोन अँटेना बाहेर आलेल्या, मागे भिंतीला तांब्याच्या तारांची वेटोळी टांगलेली, मीटर, बॅटऱ्या. वर लिहिलेलं होतं, चांदपाशाच्या घरात हे मशीन कशासाठी? दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला. संध्याकाळी दुकानापुढे दोनशे माणसं जमली. त्यात मोटारी भरून नेलेली माणसं होती. एक दगड पत्र्यावर पडला, मग आणखी पडले. पोलिसांची गाडी आली आणि चांदपाशाला व डब्याला दोघांनाही घेऊन गेली.

तृप्तीला हे रामरावांकडून कळलं. त्यांनी रविवारी संध्याकाळी फोन केला. गावाकडच्या एका वाहिनीवर काहीतरी ड्रोन सापडल्याचं दाखवून राह्यलेत, आणि त्याला नारिंगी कापड आहे, तुझं तर नव्हे ना, असं त्यांनी विचारलं. ती सोमवारी सकाळी निघाली आणि दुपारी ठाण्यात पोचली.

अधिकारी तरुण होता आणि अदबीने वागला. तिचं ओळखपत्र पाहून त्याने चहा मागवला. स्पर्धा परीक्षेला आपणही भूगोल घेतला होता, असं सांगून त्याने वरच्या वाऱ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले. प्रश्न चांगले होते. डबा आतून आणवला. गोधडी अजून त्याच्याभोवती होती. ज्यांनी तो पाहिला होता त्यांना तो काय आहे हे पहिल्या दिवशीच कळलं असणार, कारण कागदावरचा मजकूर चार भाषांत छापलेला होता. तृप्तीने पंचनाम्यावर सही केली.

"आणि ज्यांच्याकडं हा होता ते?" तिने विचारलं.

"डबा घेऊन जा, मॅडम," अधिकारी म्हणाला. "माणसाचं वेगळं आहे."

वेगळं काय, ते त्याने समजावून सांगितलं. गावात जमाव तापलेला आहे, त्याच्याच भल्यासाठी त्याला इथे ठेवलंय. वरून चौकशी आली आहे. आणि त्याच्या फोनवरून परराज्यातल्या एकाच नंबराला फोनवर फोन गेलेले आहेत, त्याचा उलगडा व्हायला हवा.

तृप्ती म्हणाली की तो नंबर आमचा आहे, डब्यावर छापलेला आहे, तुमच्या समोर आहे. अधिकाऱ्याने कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाला की बरोबर, पण हे संस्थेच्या कागदावर लेखी द्या.

तिने बाहेर येऊन विभागप्रमुखांना फोन केला. त्यांनी आधी कार्डाची चौकशी केली. मग म्हणाले की ठाण्यात लेखी काहीही देऊ नकोस. कायदा विभागाला दाखवल्याशिवाय काही द्यायचं नाही, पुढच्या उड्डाणांच्या परवानग्या अडकतील. उद्यापर्यंत ते पाहतील. तू कार्ड घेऊन निघ. तिने वाद घातला, ते शांतपणे तेच पुन्हा म्हणाले.

मग तिने आपल्या हाताने एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून अधिकाऱ्याला दिलं. त्याने ते वाचून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि शिक्का कुठे आहे असं विचारलं. ती बसून राहिली. मधे एकदा पाणी प्यायला उठली तेव्हा पडवीत भिंतीला टेकून बसलेला एक माणूस तिला दिसला. लुंगी, अंगात स्वेटर, डाव्या कानावर तळहात दाबून धरलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला ओळखलं नाही, तो चांदपाशा आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

दिवस कलला तशी ती उठली. गाडीत बसल्यावर तिने डबा मांडीवर घेतला, गोधडी सोडली, झाकण काढलं. कार्ड जागेवर होतं. तारेचा तापमापकसुद्धा शाबूत होता. आजवरच्या कुठल्याही उड्डाणात तो जमिनीवर उतरल्यावर शाबूत राहिला नव्हता. तिने लॅपटॉप काढून कार्ड लावलं आणि पहिली रेघ उमटली तेव्हा ती ड्रायव्हरसमोरच हसली. नंतर कधीही ठाण्याची आठवण झाली की तिला आधी ते हसू आठवायचं.

रात्रीपुरती ती परतूरला घरी गेली. आईने भाकरी टाकल्या. रामराव डब्याभोवती फिरून पाहत होते. अंगद दुकान बंद करून आला, जेवायला बसला, आणि बोलता बोलता तिने त्याला विचारलं की मी सांगितलेला मेसेज तू ग्रुपवर टाकला होतास ना. तो म्हणाला, राहूनच गेलं बघ.

ठाण्यातला अधिकारी तिला म्हणाला होता की व्हिडिओ परतूरच्या शेतकरी ग्रुपवरून सगळीकडे गेला. असे ग्रुप पुष्कळ असतात, असं ती दिवसभर स्वतःला सांगत होती. आता तिने अंगदकडे फोन मागितला. त्याने दिला नाही. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला,

"व्हिडिओ टाकला मी. म्या एकट्यानं न्हाई टाकला, सगळेच टाकून राह्यल्ते."

"पण दादा, तुला माहीत होतं तो डबा कशाचा आहे ते. मीच सांगितलं होतं."

"माहीत होतं की. मला वाटलं, दोन दिवस लोक बोलतील, मंग इसरतील. गंमत होती ती." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि मी काही चुकीचं लिवलं न्हाई. सावध राहा, येवढंच लिवलं."

आई म्हणाली की जेवताना नको. रामरावांनी भिंतीकडे पाहिलं. अंगद बोलत राहिला. त्याच्या ग्रुपवर त्या एका दिवसात जेवढी माणसं आली तेवढी वर्षभरात आली नव्हती. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं त्याच्या डोक्यात होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चांदपाशाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. उलट दुकानाच्या बोअरची मोटार त्यानेच भरून दिली होती, आणि चांगली भरली होती, हेही अंगदनेच सांगितलं. तृप्तीने त्याला आत्ताच्या आत्ता ग्रुपवर खरं लिहायला लावलं. त्याने लिहिलं, तिच्यासमोर टाकलं. नंतर तिने पाहिलं तर त्याखाली दोन-चार अंगठे होते. पुढे ते कोणी पाठवलं नाही.

मंगळवारी सकाळी संस्थेचा मेल ठाण्यात पोचला आणि चांदपाशाला सोडलं. तृप्ती निंबडोहला गेली तेव्हा तो नुकताच आला होता. दुकानाचा पत्रा जागोजाग चेपला होता. आत टेबल रिकामं होतं. तांब्याची तार पोलिसांनी नेली होती ती परत मिळाली नव्हती. महजबीनने खुर्ची दिली. अकबरबी दारात उभी राहिली, बसली नाही.

तृप्तीने गोधडी घडी करून आणली होती ती दिली. अकबरबीने ती घेतली आणि आत नेऊन ठेवली. तृप्ती म्हणाली की चूक आमची आहे, फोन उचलायला कोणी नव्हतं. आधी माझा नंबर असायचा, तो मीच काढला. महजबीनने तिच्याकडे पाहिलं.

"मी लई वेळा लावला, ताई," ती म्हणाली. "अब्बांना वाटलं, मला नंबर नीट वाचता येत न्हाई."

चांदपाशाला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तृप्ती बोलली की तो मान फिरवून उजवा कान पुढे करायचा. ठाण्यात कोणी मारलं, का मारलं, हे त्याने सांगितलं नाही. तिने दवाखान्याचं काढलं, तो म्हणाला, बघू. मग त्यानेच विचारलं की तो डबा होता कशाचा, तेवढं तरी सांगा. आपण घरात काय ठेवलं होतं ते आपल्याला माहीत पाहिजे.

तृप्तीने सांगितलं. वर फार उंचावर एक वारा आहे, तो वर्षभर एकीकडे आणि वर्षभर दुसरीकडे वाहतो. चांदपाशाने विचारलं, त्याला फिरवतं कोण. ती म्हणाली, लाटा. पाण्यात धोंडा पडला की लाटा उठतात तशा हवेत उठतात, ढग उसळले की. त्या दिसत नाहीत. वर वर चढतात. वर हवा विरळ, म्हणून तीच लाट चढता चढता मोठी होत जाते. तिचाही एक वेग असतो. चढता चढता तिला अशी जागा लागते, जिथला वारा तिच्याच दिशेने, तिच्याच वेगाने चाललेला असतो. तिथून तिला पुढे जाता येत नाही. ती तिथे फुटते, आणि तिच्यात होता नव्हता तो जोर वाऱ्याला मिळतो. एका लाटेने काही होत नाही. अशा लाखो लाटा महिनोन्महिने फुटत राहतात, तेव्हा त्या जागेच्या खालचा वाराही त्याच दिशेला वळतो. मग पुढच्या लाटा आणखी खाली फुटतात. असा एकेक थर करत वारा वरून खाली उलटत येतो. तुमच्या डब्याने, आमच्या डब्याने, ती लाट फुटताना पकडली.

चांदपाशा मोटारींचा माणूस. त्याने नीट ऐकलं, उजवा कान पुढे करून. मग म्हणाला, "येवढ्यानं पाऊस कळतो का, कधी येणार ते?"

"न्हाई कळत," तृप्ती म्हणाली. खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती. "पुढं कधीतरी थोडाफार उपयोग होईल."

"कोणाला?"

दारातून अकबरबी म्हणाली, "तुमचं काम झालं ना, बाई? सामान मिळालं ना बराबर?"

तृप्ती म्हणाली की मिळालं.

"मंग आता येऊ नका. तुमची गाडी दारात उभी राहिली की लोक पुन्हा बघायला येतात."

खरंच रस्त्यावर चार माणसं थांबली होती. तृप्ती त्यांच्याजवळ गेली आणि सांगायला लागली की ते यंत्र माझं होतं, यांनी ते वाचवलं, यांच्यामुळे एवढं मोठं काम झालं. त्यांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा म्हणाला की हो ताई, चांदपाशा माणूस चांगलाच आहे. दुसऱ्याने विचारलं की तुम्ही परतूरच्या रामरावांच्या का, आणि अंगदभाऊंना नमस्कार सांगा म्हणाला.

कार्डावरची माहिती उलगडण्यात सगळा वसंत ऋतू गेला. ती अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. वीस-बावीस किलोमीटरच्या उंचीवर, वारा जिथे नुकताच उलटायला लागला होता, तिथे हवेचे पातळ पातळ थर एकमेकांवर घुसळलेले होते. लाट खालून स्वच्छ येत होती, मोठी होत होती आणि त्या थरात शिरताच तिचे तुकडे झालेले होते. तारेच्या तापमापकाने एकेक तुकडा टिपला होता. विभागप्रमुख आलेख पाहायला स्वतः तिच्या टेबलाशी आले. तृप्ती दिवसचे दिवस त्या आलेखांत घालवायची. तिथे तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं हेच तिला सहन व्हायचं नाही.

मधल्या काळात महजबीनने दोनदा फोन उचलला. तिच्याकडूनच कळलं की मोटारी येणं बंद झालं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. मोटार जळाली की लोक ती परतूरला नेऊ लागले, एवढंच. ग्रामपंचायतीने स्टँडजवळची जागा रस्त्यासाठी लागणार म्हणून दुकान काढायला सांगितलं. रस्ता काही झाला नाही. उन्हाळ्यात चांदपाशा घर बंद करून बायको-मुलीसह जालना शहरात, नवीन जालन्याला गेला आणि तिथे दुसऱ्याच्या दुकानात मोटारी भरायला लागला. कान परत आला नाही. कॉलेज महजबीनने सोडलं.

दिवाळीत तृप्ती घरी गेली. अंगदने नवीन दुकान टाकलं होतं, त्याची पूजा होती. मांडवात पंगत बसली आणि अंगदने तिला हाताला धरून सगळ्यांपुढे नेलं. आपल्याकडं तो डबा पडला होता, आठवतं ना, तो हिचाच, आमच्या तृप्तीचा. माणसं हसायला लागली. प्रत्येकाला त्या दिवसाचं काहीतरी आठवत होतं. कोणी म्हणे मला बॉम्बच वाटला. कोणी म्हणे आमच्या मळ्यावरून गेला, मी पाहिला. एक पाहुणा सांगत होता की त्या पॅराशूटच्या कापडाचं त्याच्या मेहुण्याने ताडपत्रीसारखं पांघरूण केलंय, कडब्याच्या गंजीवर घालतो. अंगदही हसत होता.

तृप्ती म्हणाली, "त्यात चांदपाशाचा कान गेला."

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. वाढणारी माणसं थांबली.

"तो न्हाई आता निंबडोहला," कोणीतरी म्हणालं. "जालन्यात चांगलं चाललंय त्याचं, म्हणतात."

"कोण म्हणतं?" तृप्तीने विचारलं. रामरावांनी वरण मागितलं, वाढप पुन्हा सुरू झालं. अंगद नंतर तिला म्हणाला की दिवस बघून तरी बोलत जा. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुण्यामार्गे निघाली. जाताना जालन्याला उतरून त्या दुकानाशी जायचं तिच्या मनात होतं. स्टेशन आलं तेव्हा ती सामान घेऊन दारापर्यंत गेली, आणि गाडी सुटेपर्यंत दारातच उभी राहिली.

पुढच्या वर्षी शोधनिबंध तयार झाला. शेवटी आभार मानायची जागा असते. तृप्तीने लिहिलं की डबा सुखरूप ठेवल्याबद्दल निंबडोहचे चांदपाशा यांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे आम्ही ऋणी आहोत. पाठवण्याआधी विचारायला हवं, म्हणून तिने महजबीनला फोन केला. वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"हे सगळ्यांना दिसतं का?" महजबीनने विचारलं.

"जगात कोणालाही दिसेल."

"मंग काढून टाका, ताई. आमचं नाव कुठंच नको."

तृप्ती म्हणाली की हे चांगल्यासाठी आहे. महजबीन म्हणाली की मला कळतं ते. पण नावासोबत कोणी पुन्हा तो व्हिडिओ शोधील. आता इथे कोणाला माहीत नाही. अब्बांना मी विचारत नाही, ते हो म्हणतील, त्यांना तुमच्या लाटेचं अजून नवल वाटतं. मग तिने सलाम करून फोन ठेवला. मशीन पुन्हा सुरू झाल्याचं फोन बंद होता होता तृप्तीला ऐकू आलं.

तिने वाक्य काढलं. त्या जागी काहीच लिहायचं नाही असं ठरवून तिने निबंध विभागप्रमुखांकडे पाठवला. तो परत आला तेव्हा त्यात एक नवी ओळ होती. यंत्र परत मिळवण्यात तत्परतेने सहकार्य केल्याबद्दल स्थानिक पोलिस व प्रशासनाचे आभार. तिने ती खोडली. दुसऱ्या मसुद्यात ती पुन्हा आली. ती त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि म्हणाले की मला सगळं आठवतं, पण पुढच्या जानेवारीत आपल्याला पुन्हा फुगा सोडायचा आहे, आणि तोवर वारा फिरून पुन्हा त्याच बाजूला, जालन्याकडे वाहणार आहे.

निबंध त्या ओळीसकट छापून आला.